मजबूत केंद्र की मजबूत गाव : एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

धुळ्याच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "आपल्यासारख्या मोठ्या देशाला मजबूत केंद्र सरकार अधिक उपयोगाचे की मजबूत स्थानिक सरकार? आणि गावात जातीचे राजकारण आणि पैशांचे गैरव्यवहार चालत असताना अधिकार खाली देणे धोक्याचे नाही का?" प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत. ग्रामसेवक म्हणून साक्री तालुक्यात सुरू झालेली माझी नोकरी गटविकास अधिकारी म्हणून संपली. त्या तीन दशकांत जे हाताळले त्याच्या आधारे उत्तर देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. दिल्ली आणि गाव हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, ही प्रश्नामागची समजूत मला मान्य नाही. गावाच्या हातात आज जे काही कायदेशीर अधिकार आहेत, त्यातले सर्वांत भक्कम अधिकार दिल्लीतच मंजूर झाले आणि ते मधल्या पायरीवर, म्हणजे राज्य आणि जिल्ह्याच्या पातळीवर, अडले. नागरिकाचा हक्क आणि दोन गावांच्या, दोन राज्यांच्या हद्दी ओलांडणारे विषय वरच्या सरकारकडे पक्के असावेत. रोजचे करणे, त्यासाठीचा मोकळा पैसा आणि ते करणारी माणसे मात्र खाली असावीत. हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात यातली एकही गोष्ट पूर्णपणे झालेली नाही.

खानदेशातला माणूस या विषयावर बोलू लागला की फड पद्धतीपासून सुरुवात करणे त्याला भाग आहे. पांझरा, कान, मोसम, गिरणा या नद्यांवर शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्यांपूर्वी दगडी बंधारे बांधले आणि त्यांच्या पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागली. एका फडात एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिकांची फेरपालट करायची. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असावी अशी रचना असल्यामुळे पाणी कमी असेल त्या वर्षी एक फड कोरडा ठेवला, तरी तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत असे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बंधाऱ्यावर मी पाणी देणे पाहिले. पाटकऱ्याने पाटाच्या कडेचे दोन गोटे बाजूला केले, फावड्याने चिखल ओढून पाणी शेतात वळवले आणि बांधावर बसून राहिला. शेताचा मालक तिथे नव्हता. मी विचारले तेव्हा समजले की मालकाने स्वतः पाणी घ्यायचेच नसते. कोणत्या शेताला किती पाणी द्यायचे हे पाटकरी ठरवतो, आणि पाटकरी व जागल्या कोणाला ठेवायचे व त्यांना किती धान्य द्यायचे हे सगळे शेतकरी मिळून ठरवतात. नियम करणारे, तो पाळणारे आणि त्याचा खर्च सोसणारे लोक एकच होते. स्थानिक शासनाची इतकी नेमकी व्याख्या मला नंतर कोणत्याही प्रशिक्षणात मिळाली नाही. राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा केला आणि पाणी वापर संस्थांना मान्यता दिली, तेव्हा आमच्या भागातल्या जुन्या माणसांना त्यात नवीन असे फार थोडे दिसले.

परंतु हेच फड पुढे मोडत गेले आणि त्यातून प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. वरच्या अंगाला धरणे झाली तसे नदीचे वाहणे बदलले, काठावर विहिरी आणि मोटारी वाढल्या, आणि बंधाऱ्यावरच्या मंडळींना आपल्या पाटावर कितीही शिस्त असली तरी वरून किती पाणी येणार यावर काहीच बोलता येईना. शेजारच्या तालुक्यातल्या माणसाने नदीतून किती उपसा करावा हे एका गावाची ग्रामसभा ठरवू शकत नाही. तापी तर मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, आपल्याकडून वाहते आणि गुजरातमध्ये सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या पाण्याची वाटणी जिल्हा परिषदेच्या ठरावाने होणार नाही. साथीचे रोग, रेल्वे, चलन, राज्यांमधले तंटे हे विषयही तसेच. या ठिकाणी केंद्र दुबळे असेल तर नुकसान सर्वांत शेवटच्या गावाचे होते, कारण वरच्या अंगाला असलेला नेहमीच आधी पाणी घेतो.

केंद्र मजबूत असावे याचे दुसरे कारण माझ्या मते याहून मोठे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याविषयी अतिशय कठोर मत मांडले आणि घटनेने गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले. ग्रामस्वराज्यावर श्रद्धा असणाऱ्या अनेकांना ते भाषण आजही रुचत नाही. मलाही तरुणपणी रुचले नव्हते. मग एका गावात नळयोजनेची जलवाहिनी टाकायची होती. सरळ मार्गाने ती गावाबाहेरच्या वस्तीवरून पुढे जाऊ शकत होती, पण ग्रामसभेने बहुमताने दुसरा मार्ग मंजूर केला आणि वस्तीला जोडणी सर्वांत शेवटी, चढाच्या टोकाला, ठेवली. ठराव नियमानुसार झाला होता, कोरम पूर्ण होता आणि सह्या खऱ्या होत्या. वस्तीवरच्या बाया मात्र दोन हंडे पाण्यासाठी पहाटे चारला उठत होत्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च केलाच पाहिजे हा वरून आलेला नियम हातात होता, म्हणूनच मला तिथे स्वतंत्र वाहिनीचा आग्रह धरता आला. महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्चाचे बंधनही असेच वरून आलेले आहे. गावाच्या मर्जीवर सोडले असते तर यातला एकही रुपया फारशा गावांत निघाला नसता, हे मी अनुभवाने सांगतो. पंचायतींमध्ये महिलांना किमान एक तृतीयांश जागा घटनादुरुस्तीने मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. कोणत्याही गावाने आपणहून ठराव करून हे केलेले नव्हते.

आता मधल्या पायरीकडे येतो, कारण परीक्षेच्या पुस्तकांत याचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो आणि प्रत्यक्ष कामात सगळी अडचण तिथेच असते. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतींकडे देता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत लिहिले गेले. पण अनुच्छेद २४३-छ नीट वाचा. पंचायतींना अधिकार देणे राज्य विधानमंडळाच्या इच्छेवर ठेवलेले आहे. निवडणुका, आरक्षण आणि पाच वर्षांची मुदत सक्तीची झाली, तर काम, कर्मचारी आणि पैसा ऐच्छिक राहिला. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजन मोहीम हाती घेऊन राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला, तो याच घटनेखाली. बहुतेक राज्यांनी तसे केले नाही, तेही याच घटनेखाली.

महाराष्ट्राचे उदाहरण तर अधिक दुःखाचे आहे, कारण आपण या बाबतीत पुढे होतो. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने गटाच्या पातळीवर भर दिला होता, तर महाराष्ट्राने जिल्ह्याला मुख्य पातळी मानून शिक्षण, आरोग्य, रस्ते, शेती हे विषय तिच्याकडे सोपवले. जुनी माणसे आजही जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाचा त्या काळातला दरारा सांगतात. मग एकेक विषय, एकेक अधिकार वर जात राहिला. जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा घटनेप्रमाणे जिल्हा नियोजन समितीने करायचा, पण तिच्या अध्यक्षस्थानी पालकमंत्री बसतात, म्हणजे आराखड्यावरचा शेवटचा शब्द राज्य मंत्रिमंडळातल्या व्यक्तीचा असतो. खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला त्याच वर्षी रस्ता, सभामंडप, गटार ही पंचायतीची कामे लोकप्रतिनिधींच्या निधीतून होऊ लागली, याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

हे गावात कसे दिसते ते सांगतो. पांझरेच्या एका उपनदीवरचा फरशी पूल पुरात वाहून गेला. पलीकडच्या पाड्यावरची चाळीसेक मुले शाळेत यायची ती थांबली. ग्रामपंचायतीच्या खात्यात केंद्राच्या वित्त आयोगाचे पैसे शिल्लक होते, पण त्यातला मोठा हिस्सा पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठी बंधित होता आणि उरलेल्या अबंधित रकमेत पुलाचे अंदाजपत्रक बसत नव्हते. बंधित रक्कम वर्षाच्या आत खर्च झाली नाही तर पुढचा हप्ता अडकण्याची भीती, म्हणून त्या पावसाळ्यात गावात सार्वजनिक शौचालय उभे राहिले, ज्याला पाण्याची जोडणी नव्हती. बैठकीत एक म्हातारे आप्पा उठून मला म्हणाले, "भाऊसाहेब, पैसा शे, पन आमना नही शे." म्हणजे पैसा आहे, पण आमचा नाही. पूल तिसऱ्या वर्षी आमदार निधीतून झाला. त्या तीन वर्षांत चौथीनंतर ज्या मुलींची शाळा सुटली त्या परत आल्या नाहीत. मला आजही तो हिशेब बोचतो, कारण अंदाजपत्रकावर आणि खर्चाच्या मंजुरीवर माझीही सही होती.

चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामीण भागाचे सगळे अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले होते आणि त्याच सुमारास "आमचं गाव, आमचा विकास" हा आराखडा सुरू झाला. माझ्या नोकरीतली ती सर्वांत चांगली वर्षे होती असे मी म्हणेन, जरी अनेक आराखडे संगणकासमोर बसून एकमेकांवरून उतरवले गेले हे मला ठाऊक आहे. पंधराव्या आयोगात महाराष्ट्रात निधीची वाटणी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी झाली आणि ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेला बांधली गेली. पाणी आणि स्वच्छता वाईट विषय नाहीत. पण अक्कलकुव्याच्या डोंगरातला पाडा आणि रावेरच्या केळीच्या पट्ट्यातले बागायती गाव यांची गरज एकच आहे असे दिल्लीत बसून ठरवणे हे मजबूत केंद्राचे काम नव्हे. ते ज्या कामात केंद्राला माहिती मिळणेच शक्य नाही अशा कामात हात घालणे आहे.

तरीही गावाकडून एक गोष्ट मान्य करायला हवी आणि ती मी गावात असतानाही बोलत आलो आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पंचायतींच्या अर्थव्यवहारावरील अहवालाप्रमाणे देशभरातल्या पंचायतींच्या महसुलात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे, बाकी जवळजवळ सगळे अनुदान. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर वसूल करण्याचा अधिकार कायद्याने पूर्ण आहे. तो कोणी काढून घेतलेला नाही. नमुना ९ ची मागणी नोंदवही उघडली की पाच-पाच वर्षांची थकबाकी दिसते आणि तीत ट्रॅक्टर असलेल्या घरांची नावे मजुरांच्या नावांआधी येतात. सरपंच वसुली करत नाही, कारण मते जातील. लोक भरत नाहीत, कारण भरून काय मिळते असे त्यांना वाटते. आणि जो कर भरत नाही तो ग्रामसभेत हिशेब विचारायलाही येत नाही. घराघरांतून आलेल्या पाचशे रुपयांचा हिशेब गाव जितक्या बारकाईने मागते, तितक्या बारकाईने वरून आलेल्या पाच लाखांचा हिशेब मागितलेला मी क्वचितच पाहिला. आठवड्याच्या बाजाराचा लिलाव आणि पाणीपट्टी नीट सांभाळणारी जी थोडी गावे माझ्या गटात होती, त्यांच्या ग्रामसभा दुपारपर्यंत चालायच्या.

नगरपालिकांची गोष्ट थोडक्यात सांगतो. जकात गेली, महापालिकांचा स्थानिक संस्था कर गेला, जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि शहरेही गावांसारखीच वरच्या हप्त्याची वाट पाहू लागली.

केंद्र, राज्य आणि गाव यांच्या बळाचा सर्वांत कठीण कस नंदुरबार जिल्ह्यात लागला. नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. राज्ये त्यात पक्षकार होती, पण अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली जी ३३ गावे सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित होणार होती ती नव्हती. विस्थापित कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याची तरतूद त्या निवाड्यातच होती, म्हणजे वरच्या पातळीवर न्यायाचा विचार झालाच नव्हता असे म्हणता येणार नाही. परंतु ज्यांची जमीन, चुली आणि देवस्थाने जाणार होती, त्यांना होकार किंवा नकार देण्याची जागाच त्या रचनेत नव्हती, आणि पुढचा सगळा संघर्ष त्या रिकाम्या जागेतून उभा राहिला. त्यानंतर १९९६ मध्ये पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा आला. त्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी सल्लामसलत आवश्यक केली, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अशा क्षेत्रात ग्रामसभेच्या पूर्वसंमतीपर्यंत मजल मारली. वनहक्क कायदा २००६ चा. हे तिन्ही कायदे संसदेने केले. महाराष्ट्राने पेसाचे नियम केले ते २०१४ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर १८ वर्षांनी. मघाशी मी मधली पायरी म्हणालो ती हीच.

गावाला अधिकार मिळाला तर काय होते हे पाहायचे असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या. तिथल्या लोकांनी १९९० च्या दशकापासून स्वतः नियम करून, स्वतः राखण करून, नियम मोडणाऱ्याला स्वतः दंड करून जंगल उभे केले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे अधिकार कागदावर येण्याआधी व्यवहारात आला होता. सगळ्या गावांकडून तशी अपेक्षा करणे बरोबर नाही, पण ज्या गावात तशी माणसे आहेत त्यांच्या मार्गात आपली परिपत्रके येऊ नयेत एवढे तरी प्रशासनाला करता येते.

तुमचा दुसरा प्रश्न गैरव्यवहाराचा. होय, गावात पैसे खाल्ले जातात. मी अपहाराची प्रकरणे चौकशीला पाठवली आहेत आणि त्यात सरपंच आणि ग्रामसेवक दोघेही होते. पण दोन फरक लक्षात घ्या. गावातले खोटे काम डोळ्यांना दिसते : गटार अर्धेच झाले, मोजमाप पुस्तिकेत मात्र पूर्ण आहे, हे शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीलाही कळते. तिच्याकडे फक्त मोजमाप पुस्तिकेची प्रत नसते. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या पातळीवरची खरेदी कोणालाच दिसत नाही. दुसरा फरक असा की निवडून आलेल्या सरपंचाला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली विभागीय आयुक्त पदावरून काढू शकतात, मात्र वर्षानुवर्षे फाइल अडवणाऱ्या अधिकाऱ्याला गावाला साधा जाबही विचारता येत नाही. ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तो जिल्हा परिषदेचा नोकर असतो. त्याची बदली, रजा आणि गोपनीय अहवाल गावाबाहेर ठरतो. मी स्वतः त्या खुर्चीत असताना गावापेक्षा गटाच्या साप्ताहिक आढाव्याची धास्ती अधिक बाळगत होतो, हे कबूल केले पाहिजे.

आणि निवडून आलेली माणसेच नसतील तर काय होते तेही आपण नुकतेच पाहिले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गाच्या आरक्षणासंबंधी जो निकाल दिला त्यात धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांचाही समावेश होता. त्यानंतर आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात राज्यभरातल्या निवडणुका लांबल्या आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या जळगाव जिल्हा परिषदेसारख्या अनेक संस्थांवर प्रशासक बसले. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. अनुच्छेद २४३-ङ मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यायला सांगतो, ते वाक्य तिथे होतेच. थेट जनतेतून सरपंच निवडण्याचा कायदा २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. त्यापैकी एकाही वेळी ग्रामसभांचे मत घेतले गेले नाही. विधानसभेची निवडणूक पद्धत कोणी पाच वर्षांत तीनदा बदलली असती का, याचा विचार करा.

म्हणून माझ्या मते बदल नेमके आहेत. राज्याच्या मर्जीवर ठेवलेल्या २९ विषयांपैकी गावातली शाळा, अंगणवाडी, पाणी, अंतर्गत रस्ते आणि गावतलाव एवढे तरी विषय कर्मचारी व पैशांसह सक्तीने खाली यावेत. वित्त आयोगाच्या रकमेत अबंधित हिस्सा मोठा असावा आणि त्याच्या बदल्यात घरपट्टीची वसुली हा हप्त्याचा निकष असावा. आरक्षण, १५ टक्क्यांचा नियम, पेसा आणि वनहक्क यांना हात लावण्याची मुभा ना गावाला असावी, ना राज्याला. नद्यांचे खोरे हा एक घटक धरून वरच्या सरकारने पाणी वाटावे आणि प्रत्येक गावाच्या वाट्याचे पाणी गावाच्या हद्दीत आल्यावर त्याचे काय करायचे हे त्या गावाने ठरवावे.

तुम्ही परीक्षेची तयारी करत आहात, म्हणजे कदाचित उद्या त्या मधल्या पायरीवर बसाल. तोपर्यंत १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला तुमच्या गावी जा आणि चालू वर्षाच्या आराखड्याची, नमुना ९ ची आणि गेल्या वर्षी झालेल्या एका कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. एक मोजपट्टी सोबत न्या आणि ते गटार मोजून पाहा.